वाचकांचे प्रश्न: ट्वेल्व्ह अपॉसल्सला जाताना

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पोर्ट कॅम्पबेल राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे दक्षिण महासागरात उभे असलेले चुनखडकाचे सुळके म्हणजे ट्वेल्व्ह अपॉसल्स. मेलबर्नला मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी या जागेबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास आहोत. मुलगा म्हणतो, सकाळी निघून रात्री परत येऊ. झेपेल का? (ठाणे)

झेपेल, पण रस्ता विचारपूर्वक निवडा. टॉर्कीपासून सुरू होणाऱ्या, किनाऱ्याने जाणाऱ्या ग्रेट ओशन रोडने गेलात, तर मेलबर्नपासून सुमारे २७५ किलोमीटर पडतात आणि कुठेही न थांबता साडेचार ते पाच तास लागतात. अपोलो बेच्या पुढे रस्ता ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि एकामागून एक वळणं सुरू होतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी त्याआधीच घ्यावी. दुसरा रस्ता आतला : जिलाँग, कोलॅक आणि तिथून दक्षिणेला. तो सुमारे २३० किलोमीटर आहे आणि तीन तासांच्या आसपास पोचवतो.

एका दिवसात किनाऱ्याने जाऊन आतून परत आलात, तर आठ तास नुसतं गाडीत बसणं होतं. ते या वयात करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच दिवस असेल तर जाणं-येणं दोन्ही आतल्या रस्त्याने करा. सातला निघालात तर दहा-साडेदहाला पोचाल. मेलबर्नहून किनाऱ्याने येणाऱ्या सहलींच्या बस बहुधा दुपारनंतर येतात, तोवर तुमचं निवांत बघून झालेलं असेल.

मात्र जमत असेल तर पोर्ट कॅम्पबेलला एक मुक्काम कराच. गाव पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर आहे. मग जाताना किनाऱ्याचा रस्ता घ्या. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात आणि पश्चिमेकडे जाताना समुद्र डाव्या हातालाच असतो, त्यामुळे थांब्यांवर गाडी सहज आत घेता येते. मुक्कामाचा आणखी एक फायदा म्हणजे अंधार पडताना लांबचं ड्रायव्हिंग टळतं. कांगारू नेमके तेव्हाच रस्त्यावर येतात.

गाडीतळ रस्त्याच्या उत्तरेला, म्हणजे समुद्राच्या विरुद्ध बाजूला आहे. तिथून रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने निरीक्षण-सज्जांकडे जायचं. वाट बांधलेली आहे, पण वारा तोंडावर येतो, म्हणून वेळ हाताशी ठेवा. स्वच्छतागृह पर्यटक केंद्रापाशी आहे. सज्जांकडे निघण्यापूर्वीच जाऊन या. छत्री उपयोगाची नाही, वाऱ्यात ती उलटी होते. कानटोपी किंवा दोरीवाली टोपी आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. डिसेंबर-जानेवारीतही.

प्रश्न : गिब्सन स्टेप्सने खाली वाळूवर उतरावं का? ओहोटीची वेळ बघून गेलं की पुरे ना? (रत्नागिरी)

पुरे नाही. पायऱ्या ८६ आहेत, म्हणजे साधारण पाच मजले. गुडघे दुखत असतील तर चढताना त्रास होईल. पण खरी काळजी लाटांची आहे.

कोकणात भरती-ओहोटीतला फरक काही मीटरचा असतो. ओहोटीला पाणी दूर जातं आणि आपण निर्धास्त होतो. पोर्ट कॅम्पबेलच्या किनाऱ्यावर हा फरक जेमतेम मीटरभर आहे. तिथे वाळू किती उघडी राहील हे बरंचसं समुद्राच्या फुगवट्यावर, म्हणजे दूरवरून येणाऱ्या मोठ्या लाटांवर ठरतं. दूर दक्षिणेत वादळ झालं की निरभ्र दिवशीही इथे उंच लाटा येऊन थेट कड्याच्या पायथ्याला भिडतात. म्हणून ओहोटीबरोबर लाटांच्या उंचीचा अंदाजही बघा. मग वरूनच दहा मिनिटं पाहत उभे राहा. मोठ्या लाटा गटागटाने येतात, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांच्या शांततेवरून काही ठरवू नका. दहा मिनिटांत एक जरी लाट कड्यापर्यंत पोचली किंवा वाळू कड्यापर्यंत ओली दिसली, तर उतरू नका. खाली गेल्यावर कड्याला टेकून सावलीत बसू नका, वरून दगड सुटतात. पोहण्याचा तर विचारही नको. पायऱ्या बंद असल्याची पाटी असेल तर तिथूनच मागे फिरा.

वाळूवर पाय टेकवायचेच असतील तर सुमारे तीन किलोमीटर पश्चिमेला लॉक आर्ड घळ आहे. तिचं तोंड अरुंद असल्याने आतला किनारा अधिक सुरक्षित राहतो. जून १८७८ मध्ये लॉक आर्ड जहाज इथे फुटलं. ५४ जणांपैकी दोघंच वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकेल, आणि ती याच घळीत आली.

प्रश्न : नाव बारांचं, मग फोटोत आठच का? (नाशिक)

बारा कधीच नव्हते, नऊ होते. त्यातला सुमारे ५० मीटर उंचीचा एक ३ जुलै २००५ रोजी कोसळला. आठही एका सज्जावरून दिसत नाहीत. गिब्सन स्टेप्सजवळचे गॉग आणि मॅगॉग हे दोन त्यांत धरत नाहीत.

शाळेच्या भूगोलात सागरी गुहा, कमान, स्तंभ हा क्रम शिकलेला आठवत असेल. इथे तो डोळ्यांसमोर आहे. मऊ चुनखडकाला लाटा खालून पोखरतात, गुहा आरपार होऊन कमान बनते, कमानीचं छत पडतं आणि स्तंभ सुटा उरतो. पुढे त्याचाही पायथा वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर झिजतो. पोर्ट कॅम्पबेलच्या पश्चिमेला लंडन ब्रिज नावाची जोडकमान होती. १५ जानेवारी १९९० रोजी तिची किनाऱ्याकडची बाजू पडली आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. पडण्याआधी तिने कसलीही सूचना दिली नव्हती. कड्याची कडाही अशीच खालून पोकळ असू शकते, आणि वर उभ्या माणसाला ते दिसत नाही. फोटोसाठी कुंपण ओलांडणाऱ्यांना कृपया तिथल्या तिथे हटका.

प्रश्न : फोटोसाठी कोणती वेळ? (पुणे)

मुख्य सुळके पश्चिमेकडे बघताना दिसतात, म्हणून सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि खडकाचे पिवळे-तांबूस थर स्पष्ट उठतात. दुपारनंतर उजेड समोरून येतो. सूर्यास्त सुळक्यांमागे हवा असेल तर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या आसपास जा. तेव्हा सूर्य नैऋत्येला, पावणेनऊच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये तो वायव्येला, जमिनीच्या बाजूला, सव्वापाचलाच बुडतो.

कॅमेऱ्याच्या तिपाईचे सर्वांत खालचे बारीक पाय उघडू नका, वाऱ्यात ते थरथरतात. पायाखाली फळ्या असतील तिथे लोकांच्या चालण्यानेही फोटो हलतो. पावलं थांबेपर्यंत थांबा. भिंगावर खारा तुषार बसतो. कोरड्या कापडाने पुसला तर ओरखडे पडतात, आधी ओलसर कापड फिरवा. ड्रोन उडवायला परवानगी नाही.

सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. छोटे पेंग्विन अंधार पडता पडता खालच्या वाळूवर येतात. ते वरून फार लहान दिसतात, दुर्बीण हवीच. फ्लॅश आणि विजेरी बंद ठेवा.

प्रश्न : गाडी नसेल तर? (सोलापूर)

मेलबर्नहून जिलाँगपर्यंत रेल्वे, पुढे अपोलो बेपर्यंत बस. त्यापलीकडची बस ठरावीक दिवशीच असते, तेव्हा वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा. ते जमत नसेल तर सहलीची बस घ्या. मोबाइलचा सिग्नल ऑटवेच्या जंगलात जातो, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ०००.