घोडियातून गादीवर: पालकांचे प्रश्न

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत: मुलाला पाळण्यातून पलंगावर कधी न्यायचं आणि कसं. वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत बाळ पाळण्यात, गजांचा कठडा असलेल्या क्रिबमध्ये आणि गुजराती शेजाऱ्यांकडून आलेल्या घोडियातही (चौकटीला टांगलेल्या कापडी झोळीच्या, दोरीने झुलवायच्या पाळण्यात) वाढतं, म्हणून तिन्हींबद्दल लिहिते.

प्रश्न: माझी मुलगी 20 महिन्यांची आहे. जन्मापासून घोडियात झोपते. हल्ली ती उठून बसते, खोयाला (घोडियाच्या कापडी झोळीला) धरून उभी राहायला बघते. गादीवर ठेवलं की रडून घर डोक्यावर घेते. सासूबाई म्हणतात, तीन वर्षांपर्यंत चालतं. काय करू? (एक आई, मांजलपूर)

घोडियुं आजपासून बंद करा. झोक्याचा कुठलाही पाळणा मूल कुशीवर वळू लागलं किंवा हातागुडघ्यांवर उठू लागलं की थांबवायला हवा. हे साधारण पाच-सहा महिन्यांत होतं. उभं राहणाऱ्या मुलाचं वजन एका बाजूला गेलं की खोयुं तिरकं होतं आणि मूल डोक्यावर पडतं. ओढायची दोरीही आता तिच्या हाताला लागते आणि ती गळ्याभोवती अडकू शकते. सासूबाईंना हे घोडियाजवळ उभं राहून दाखवा. त्यांनी आपली मुलं अशीच वाढवली आहेत. त्यांचं चुकलं असा सूर लागू देऊ नका.

आता रडण्याचं. मुलीला नुसत्या जागेची सवय नाही, झोक्याचीही आहे. जागा बदलणं आणि झोका सोडवणं ही दोन कामं आहेत आणि ती एका दमात करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पहिला आठवडा फक्त जागा बदला. जमिनीवर बेताची जाड, घट्ट गादी घाला. खोयासाठी वापरत होतात तेच सुती कापड गादीवर पसरून कडा गादीखाली नीट खोचा, म्हणजे ओळखीचा वास आणि स्पर्श राहील. तिला मांडीवर घेऊन हवं तेवढं हलवा, पण डोळे जड झाले की, पूर्ण झोप लागायच्या आधी, गादीवर ठेवा आणि थोपटा. दुसऱ्या आठवड्यापासून हलवणं कमी करत जा, थोपटणं ठेवा. मग थोपटणंही थांबवून नुसता हात पाठीवर राहू द्या.

पूर्ण झोप लागायच्या आधी का? रात्रीतून सगळेच जण अनेकदा अर्धवट जागे होतात. ज्या अवस्थेत डोळा लागला होता, तीच मूल तेव्हा शोधतं. झोका शोधणारं मूल हाक मारणारच. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून झोपेतच पाय हलवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना रात्रभर विसावा नसतो तो याच कारणाने. आणि घोडियुं घडी करून माळ्यावर टाका. समोर दिसत राहिलं तर ती रोज मागेल, आणि थकलेल्या रात्री तुम्हीही द्याल.

प्रश्न: मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा. गेल्या आठवड्यात क्रिबच्या कठड्यावरून चढून बाहेर आला. दोन महिन्यांनी दुसरं बाळ येणार आहे. क्रिब माझ्या मोठ्या भावाच्या मुलांची, तीच बाळालाही वापरायची आहे. मुलाला आत्ताच पलंगावर हलवू का? (एक वडील, कारेलीबाग)

हो, याच आठवड्यात हलवा. तुमचा मुलगा चढतो आहे, आणि ज्या उंचीवरून तो पडेल ती जमिनीवरच्या गादीपेक्षा खूप जास्त आहे. एरवी मी घाई करू नका म्हणते. न चढणारं, आत सुखाने झोपणारं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत क्रिबमध्ये राहिलं तरी काही बिघडत नाही. गादी सगळ्यात खालच्या खाचेत टाकूनही कठडा मुलाच्या छातीच्या खाली येत असेल, किंवा मुलाची उंची 90 सेंटीमीटरच्या आसपास पोचली असेल, तर क्रिब संपली असं समजा.

बाळाचं कारण मात्र त्याला सांगू नका. ‘बाळाला जागा करून दे’ हे वाक्य घरात कोणाच्याच तोंडून निघता कामा नये, पाहुण्यांच्याही नाही. तो मोठा झाला म्हणून गादी आली, चादर त्याने निवडली, एवढंच. क्रिब उघडून बाजूला ठेवा. नवं बाळ पहिले काही महिने तुमच्याच खोलीत, आईच्या पलंगाजवळ छोट्या पाळण्यात झोपेल. तोवर थोरला क्रिब विसरलेला असेल.

क्रिब वापरात आणण्यापूर्वी दोन गजांमधलं अंतर मोजा, ते 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त फट नको. एक बाजू खाली सरकणारी असेल तर ती वापरूच नका. अशा क्रिबच्या विक्रीवर अमेरिकेत 2011 पासून बंदी आहे, कारण निसटलेल्या बाजूत अडकून बाळं दगावली. रंग जुना असेल तर तेही पाहा. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. त्याआधी रंगवलेला कठडा दात येणाऱ्या बाळाने चावावा असं मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. क्रिबचे गज मूल पडू नये म्हणून असतात, तसे ते रात्री घरभर फिरू नये म्हणूनही असतात. आता ते गज नाहीत. झोपण्यापूर्वी मुलाच्या उंचीला गुडघ्यांवर बसून खोली बघा. बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली रिकामी करा, दाराला वरून कडी लावा. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडतं. कपाट आणि टीव्हीचं स्टँड भिंतीला पक्कं करा. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर खोलीत असेल तर त्याला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि तो हाताच्या टप्प्यात ठेवूच नका. खिडकीखाली पलंग नको. बाहेर पडू नये म्हणून खोलीला बाहेरून कुलूप लावू नका. दारात बुटकं फाटक लावा.

प्रश्न: आमच्या घरी मुलं आईजवळच झोपतात. माझा नातू तीन वर्षांचा आहे. त्याला वेगळा पलंग कशाला हवा? (एक आजी, दांडिया बाजार)

हवाच असं नाही, आजी. सगळ्यांची झोप नीट होत असेल तर तीन वर्षांच्या मुलाने आईजवळ झोपण्यात काहीही गैर नाही. फक्त पलंग भिंतीपासून अर्धवट सरकलेला नको, त्या फटीत मूल अडकतं. एक वर्षाखालच्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी: त्याला मोठ्यांच्या अंथरुणात, उशा-रजयांमध्ये झोपवू नये.

प्रश्न: अडीच वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांपासून पलंगावर झोपतो. रात्री पाच-सहा वेळा उठून आमच्या खोलीत येतो. कधी रागावते, कधी जवळ घेते, कधी मोबाइलवर गाणं लावून देते. (एक आई, वाघोडिया रोड)

यातलं ‘कधी-कधी’ हेच त्याला परत आणतं. सहा फेऱ्यांतून एकदा जरी गाणं मिळालं, तरी सातवी फेरी त्याला परवडते. आला की दिवा न लावता हात धरून परत न्या, ‘रात्र झाली, झोपायचं’ एवढंच म्हणा, चादर घाला आणि या. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तोच आवाज. बाबांनी आणि आजी-आजोबांनीही तसंच करायचं. पहिल्या काही रात्री फेऱ्या वाढतील, कारण जुनी युक्ती का चालत नाही हे तो तपासून बघेल. तेव्हा माघार घेतलीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताप असेल किंवा खरंच घाबरला असेल, तर अर्थात जवळ बसा.

दुपारची झोपही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपार धरून 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप हवी. पाच वाजेपर्यंत झोपलेल्या मुलाला साडेआठला पलंगावर नेलं तर तो उठणारच. आणि नवरात्रात या कामाला हात घालू नका. गरब्याच्या आवाजात मोठ्यांनाच झोप लागत नाही. दसरा होऊ द्या.

प्रश्न: पलंगाला लावायची कडेची जाळी घ्यावी का? (एक आई, अलकापुरी)

दोन वर्षांखाली नको. जाळी आणि गादीच्या फटीत मूल अडकू शकतं. त्यानंतर, पक्की बसणारीच घ्या. बंक बेडचा वरचा मजला सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका.

प्रश्न: जमिनीवर गादी घातली तर पावसाळ्यात डासांचं काय? (एक वडील, हरणी)

तळ असलेली, सगळ्या बाजूंनी बंद होणारी मच्छरदाणी घ्या, किंवा साधी असेल तर कडा गादीखाली पूर्ण खोचा. मूल लोळत जाऊन जाळीला हात-पाय टेकून झोपलं की डास बाहेरूनच चावतो, म्हणून ती गादीपेक्षा ऐसपैस हवी. दुपारच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आणि गादी रोज सकाळी उचलून भिंतीला उभी करा; पावसाळ्यात फरशीला टेकून राहिली तर खालून ओल धरते आणि बुरशी येते.