सुरुवातीचे ख्रिस्ती लोक विश्वासासाठी मेले, त्याने आज कोणाचा विश्वास कसा काय बळकट होईल?

तुमची शंका रास्त आहे. जीव दिला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. भलत्याच गोष्टींपायीही माणसं मेली आहेत. मी ख्रिस्ती घरातली, तरी रक्तसाक्षींचं, म्हणजे विश्वासापायी जीव देणाऱ्यांचं, मरण मला पुरावा म्हणून कधीच पुढे करता आलं नाही. मला आधार मिळतो तो त्यांच्या खरेपणाचा.

इ.स. 203, कार्थेज, आजच्या ट्युनिशियातलं शहर. पर्पेतुआ साधारण 22 वर्षांची, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ असलेली. ख्रिस्ती म्हणून तिला पकडलं होतं. तुरुंगात तिने स्वतः लिहिलेलं आज वाचायला मिळतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा मुलगाही अंगावर पीत होता. मला शूर बाई भेटेल असं वाटलं होतं. ती मात्र सरळ लिहिते की मी फार घाबरले, असला काळोख कधी पाहिलाच नव्हता. शिवाय बाळाचा घोर. मंडळीतल्या दोन सेवकांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा कुठे काही तास बऱ्या जागी बसायला मिळालं, आणि भुकेने मलूल झालेल्या बाळाला तिने पाजलं. भीती लपवायची असती तर हे कशाला लिहिलं असतं?

सुटका तर हाताशी होती. सम्राटाच्या कल्याणासाठी बळी अर्पण केला की पुरे. वडिलांनी तिच्या हातांचे मुके घेतले, पायाशी लोळण घेतली, पोराकडे बघ म्हणाले. त्यांचं दुःख तिलाही सोसवेना, तसं तिने लिहिलंय. त्याआधी एकदा तिने त्यांना जवळच पडलेलं भांडं दाखवून विचारलं होतं, ‘याला दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का?’ ‘नाही,’ वडील म्हणाले. ‘तशीच मीही, ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणवून घेता येत नाही.’

यात आवेश कुठेच नाही, म्हणूनच मला ते पटतं. आपण ‘रक्तसाक्षी’ म्हणतो त्यातला साक्षी महत्त्वाचा. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगायचं, स्वतःची भीतीसुद्धा. माझी प्रार्थना कोरडी पडते तेव्हा न डगमगणारे संत मला दूरचे वाटतात, ही बाई मात्र जवळची वाटते.

तिचं लिखाण मरणाच्या आदल्या दिवशी थांबतं. शेवटी एवढंच, की खेळांच्या (म्हणजे रिंगणात कैद्यांना जनावरांपुढे सोडायचे त्या खेळांच्या) आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं. तिथे काय घडलं ते कोणाला लिहायचं असेल तर त्याने लिहावं.