जिप्सीचे शॉकअप गेलेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या कच्च्या वाटांवर जास्त फिरणं असतं. कोणते घ्यावेत?

ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्या असलेले) गॅसचे घ्या. मोनोट्यूब (एकाच नळीचा) लवकर तापत नाही हे खरं, पण त्यात पिस्टन थेट बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. जांभ्याचा एक दगड उडून नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो आणि शॉकअप बाद. ट्विन-ट्यूबची आतली नळी बाहेरच्या नळीमुळे वाचते. आपल्या वाटांवर वेगापेक्षा दगडांचीच भीती जास्त.

त्याआधी पाटे (लीफ स्प्रिंग) बघा, जिप्सीला चारी बाजूंना पाटेच आहेत. ते बसले असतील तर नुसते शॉकअप बदलून गाडी उठणार नाही, तो पैसा वायाच.

पाटे वाढवून गाडी उंच केली असेल तर मापाशिवाय ऑर्डर देऊच नका. चाक पूर्ण लटकवून आणि पूर्ण दाबून, दोन्ही वेळा वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. चाक दाबल्यावर आधी बंप स्टॉपचं (चाक जास्त वर जाऊ न देणारं) रबर टेकलं पाहिजे, शॉकअप नव्हे.

जोडीनेच बदला, बुशही (बोल्टभोवतीची रबरं) नवे टाका. कणकुंबीच्या पावसात चिखल शॉकअपच्या दांड्याला चिकटून सील खातो, तेव्हा दांड्यावर कव्हर असलेलेच मागा.