विनोदी चित्रपटाच्या सेटवर सगळे खरोखरच हसत असतात का?

विनोदी चित्रपटाच्या चित्रीकरणात दिवसभर हशा पिकत असेल का, आणि पडद्यामागचे काही किस्से सांगता येतील का, असे आपण विचारले आहे. परभणी-हिंगोलीकडच्या काही लहान चित्रीकरणांत सहायक म्हणून राबलेलो असल्यामुळे सांगू शकतो, की हशा सर्वांत कमी ऐकू येतो तो तिथेच.

पहिल्या वाचनाला पोट धरून हसलेले युनिट तिसऱ्या-चौथ्या टेकपर्यंत ढिम्म झालेले असते, आणि एखाद्याला हसू आवरलेच नाही तर ध्वनिमुद्रण बिघडू नये म्हणून तोंडात रुमाल कोंबावा लागतो. एकदा जुन्या वाड्याच्या ओसरीवर सोयरिकीच्या बोलणीचा प्रसंग चालू होता आणि माळवदावर निम्मे गाव जमले होते. टेक रंगात आला, की नेमका उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवीत वेशीतून जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. अखेर लोकांना संवाद इतके पाठ झाले, की एका आजींनी मुलीच्या बापाचे वाक्य नटाच्या आधीच वरून बोलून टाकले. त्यांचा ठेका नटापेक्षा सरस असल्याने दिग्दर्शकांनी पुढचा टेक त्याच ठेक्यात घेतला.

खरी अडचण असते ती हशासाठी जागा ठेवण्याची. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्यासारख्या रंगमंचावरच्या नटाला सभागृह हसून होईपर्यंत थांबता येते. पडद्यावरचा नट मात्र थांबू शकत नाही, आणि प्रेक्षक किती वेळ हसतील याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधावा लागतो. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) या चित्रपटात दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी लग्न ठरल्याची बातमी सांगणाऱ्या जॅक लेमन यांच्या हातात खुळखुळ्यासारखे माराकास हे वाद्य दिले, ते याचसाठी. दोन वाक्यांच्या मध्ये लेमन ते वाजवीत नाचतात, तेवढ्यात प्रेक्षकांचे हसून होते आणि पुढचे वाक्य हशात बुडत नाही. इतका साधा आणि इतका चोख उपाय माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

पैशांच्या ओढाताणीतूनही किस्से घडतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने सात लाखांच्या आत निर्मिलेल्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मधील महाभारताच्या प्रसंगात दुःशासन झाले आहेत ते निर्मितीचे काम पाहणारे विधू विनोद चोप्रा. बाहेरून नट आणला तर त्याला पैसे मोजावे लागले असते. प्रेताला द्रौपदी करून उभे केलेल्या त्या प्रसंगात एकही पात्र आपण विनोद करीत आहोत असे दाखवत नाही, आणि म्हणूनच तो एवढा हसवतो.

आपल्या भागात चित्रीकरण आले तर अवश्य पाहायला जावे. मात्र मोबाइल बंद ठेवावा आणि हसू अनावर झाले तर मुकाट्याने बाहेर निघून जावे.