ब्लूज-रॉकमधला एखादा दुर्लक्षित जुना अल्बम सुचवाल का?

माझं उत्तर ठरलेलं आहे: टेस्ट या आयरिश त्रिकुटाचा 'ऑन द बोर्ड्स', १९७० साली आलेला. गिटार आणि गायन रोरी गॅलघर, बेसवर रिचर्ड मॅकक्रॅकन, ड्रम्सवर जॉन विल्सन.

तिघांचाच बँड म्हटलं की लोक लगेच क्रीम या ब्रिटिश त्रिकुटाशी तुलना करतात, आणि तिथेच या अल्बमवर अन्याय होतो. क्रीमचा आवाज भरगच्च. इथे मात्र सुरांमध्ये मोकळी जागा आहे. 'इट्स हॅपन्ड बिफोर, इट'ल हॅपन अगेन' ऐका. सुरुवात रॉकची, पण थोड्याच वेळात विल्सनचे ड्रम्स जॅझकडे वळतात आणि रोरी गिटार सोडून सॅक्सोफोन हातात घेतो. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता! शीर्षकगीतातही सॅक्सोफोन आहे. ते गाणं इतकं संथ, इतकं एकाकी आहे की मी ते रात्रीच ऐकतो. ब्लूज म्हणजे बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा भागांचा) तोच तो साचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथून सुरुवात करावी.

मग हा अल्बम मागे का पडला? मुख्य कारण म्हणजे बँडच टिकला नाही. ऑगस्ट १९७० मध्ये इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवात त्यांनी मैदान गाजवलं आणि वर्षअखेरीस ते वेगळे झाले. पुढे रोरीचं स्वतःच्या नावाचं काम एवढं वाढलं की हा अल्बम त्याच्या सावलीत गेला.

हेडफोन लावून, पहिल्या गाण्यापासून क्रमानेच ऐका.