घर पुसणाऱ्या रोबोटला नाव देऊन त्याच्याशी बोलणं म्हणजे वेडेपणा आहे का?

अजिबात नाही. जे आपणहून सरकतं, वळतं, धडकतं, त्यात आपल्याला जीव दिसतोच. नागपुरात धरमपेठेतली माझी मावशी सोफ्याखाली अडकलेल्या रोबोटला "थांब नं बाप्पा, काढते" म्हणते. मिक्सरशी मात्र चकार शब्द बोलत नाही! आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून ओवाळणाऱ्या नागपूरकरांनी तरी याला हसू नये. फक्त रोबोट आणून दिला म्हणून पोरांनी आईला फोन करणं कमी केलं, तर ते मला पटत नाही. रोबोटला जीव लावण्यात जपानात तर लोक आपल्याही पुढे गेले. सोनीने २०१४ मध्ये जुन्या आयबो या रोबोट-कुत्र्यांची दुरुस्ती थांबवल्यावर बंद पडलेल्या आयबोंचे बौद्ध मंदिरात रीतसर अंत्यविधी झाले. नंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवले जात.