लघुग्रहाचं वजन कसं काढतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बातम्यांत लघुग्रहाचं वजन इतके लाख टन असं छापतात. ते मोजलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही. दुर्बिणीला दिसतो तो फक्त प्रकाशाचा ठिपका. त्याच्या तेजावरून निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून तो किती तेजस्वी दिसेल याचा आकडा; आकडा मोठा तितका ठिपका मंद) काढतात, तीवरून व्यास, आणि मग घनता गृहीत धरून वस्तुमान. व्यासाचं सूत्र असं :

व्यास (किमी) = १३२९ ÷ √अल्बेडो × १०^(−प्रत/५)

अल्बेडो म्हणजे पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत फेकतो ते (५ टक्के असेल तर ०.०५). खरी गोम इथेच आहे, कारण तो सहसा ठाऊक नसतो. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची बातमी गाजली तेव्हा त्याचा व्यास ४० ते ९० मीटर सांगत होते. घनता तीच धरली तरी या दोन टोकांच्या वजनात ११ पटींचा फरक पडतो. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने त्याची उष्णता अवरक्त किरणांत मोजली, तेव्हा व्यास ६० मीटरच्या आसपास ठरला.

प्रश्न : प्रत २२ आहे, अल्बेडो ठाऊक नाही. घरी हिशेब करताना काय धरू?

एकच आकडा धरू नका, दोन टोकं धरा. काळपट, कार्बनी लघुग्रहासाठी अल्बेडो ०.०५ : व्यास २३७ मीटर. उजळ, खडकाळ असेल तर ०.२५ : व्यास १०६ मीटर. आता दोघांना २.६ घनता (पाण्याची १ धरून) लावली तर वजनात पुन्हा ११ पटींचं अंतर. पण कार्बनी लघुग्रह पोकळ, भुसभुशीत असतात. बेन्नू आणि र्‍युगू यांची घनता जेमतेम १.२ आहे, खडकाळ इरॉसची २.७. म्हणून पहिल्याला १.३ आणि दुसऱ्याला २.७ लावा : सुमारे ९० लाख टन आणि १७ लाख टन. अंतर साडेपाच पटींवर आलं. अल्बेडो आणि घनता वेगवेगळ्या तक्त्यांतून उचलली की नेमकी हीच चूक होते. जोडी एकाच वर्गातली हवी.

प्रश्न : मग खरं वजन कधी कळतं?

त्याच्या ओढीने दुसरं काही हललं की. स्वतःचा चंद्र असेल तर काम सोपं : वस्तुमान = ४π²a³ ÷ (G × P²). यात a म्हणजे चंद्राचं अंतर, P म्हणजे फेरीचा काळ, G म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक. डिडिमॉस या लघुग्रहाचा चंद्र डायमॉर्फस १.१९ किमीवरून ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा (सप्टेंबर २०२२मध्ये नासाचं डार्ट यान त्याच्यावर आदळण्यापूर्वी). अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत घातला की सुमारे ५४ कोटी टन येतात. हे दोघांचं मिळून वजन, हे विसरू नका. फेरीचा काळ बिनचूक मिळतो, घोळ होतो अंतरात. त्याचा घन असल्याने २ टक्के चूक ६ टक्के होते.

प्रश्न : चंद्र नसेल तर?

शेजारून जाणारा दुसरा लघुग्रह शोधायचा. अरेटी हा लघुग्रह दर १८ वर्षांनी वेस्टा या मोठ्या लघुग्रहापासून साधारण ६० लाख किमीवरून जातो. अरेटीची कक्षा किती सरकली यावरून खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १९६०च्या दशकात वेस्टाचं वस्तुमान काढलं. २०११मध्ये नासाचं डॉन यान वेस्टापाशी पोहोचल्यावर मिळालेल्या नेमक्या आकड्याशी ते दहा टक्क्यांच्या आत जुळलं. वेस्टा अवजड म्हणून हे जमलं. लहानांच्या बाबतीत जुन्या निरीक्षणांतल्या चुका आणि इतर लघुग्रहांची ओढ यांत खरा परिणाम हरवतो. उत्तर आलं की आधी घनता काढून पाहा; ती लोखंडाच्या ७.९पेक्षा जास्त निघाली तर ते उत्तर टाकून द्या.

बेन्नूबाबत वेगळी युक्ती चालली. तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकतो, त्याच्या धक्क्याने कक्षा वर्षाला २८४ मीटर आक्रसत होती. धक्का तेवढाच असताना वस्तू जितकी हलकी तितकी जास्त सरकते. यावरून यान जाण्यापूर्वीच ७.८ कोटी टनांचा अंदाज आला होता. यानाने मोजले ७.३ कोटी.

प्रश्न : हौशी निरीक्षक काही करू शकतो?

वजन नाही, पण व्यास नक्की. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद झाकला जातो. वेगवेगळ्या गावांतून, जीपीएसने वेळ लावून ते पिधान टिपलं की सावलीची रुंदी मिळते. ढगांमुळे तारा गेला की लघुग्रहामुळे, हे ओळखायला शेजारचा एक तारा त्याच चौकटीत ठेवा.